जो दुकान पाहतो, तो कोण?

सोलापूरहून गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड स्थानक मागे पडले की थोड्याच वेळात दुधनी येते. तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. कर्नाटकाची सीमा अगदी जवळ. येथील बाजारात तुरीची पोती उतरविणारा शेतकरी कानडीत बोलतो, आडत्या त्याची पट्टी मराठीत लिहितो आणि भावावरून घासाघीस सुरू झाली की दोन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. या गावाची भाषा कोणती, असा प्रश्न बाहेरून आलेल्या पाहुण्याला पडतो. गावाला तो पडत नाही.

अशा गावातील एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पुढे आडत दुकान, मागे राहते घर. घरातील सर्वांत वडीलधारे म्हणजे अज्जा, वय अठ्ठ्याहत्तर. घरात कानडी, शाळेत मराठी, असे त्यांचे बालपण गेले आणि आता त्यांच्या मुलीची मुलगी, जी शिक्षणासाठी आजोळी राहते, तीही तशीच वाढते आहे. ती यंदा दहावीला आहे. मराठीच्या वहीत तिला एक प्रश्न सोडवायचा होता : ‘दिलेल्या दोन वाक्यांचे एक मिश्र वाक्य करा.’ त्याच संध्याकाळी अज्जांनी वकिलाकडे नेण्यासाठी तयार केलेला मृत्युपत्राचा कच्चा मसुदा चौरंगावर पडला होता. नातीने तो सहज उचलला. घर आणि ठेवी मुलीच्या नावे, हे सर्वांना ठाऊक होतेच. पुढचे वाक्य असे होते :

‘दुकानातील माझा हिस्सा माझ्या भावाच्या मुलास, जो दुकान पाहतो, मिळावा.’

नातीने विचारले, “अज्जा, दुकान कोण पाहतो? भाऊ की मुलगा?”

“वेडी आहेस का? वाचता येत नाही?” अज्जा म्हणाले. “सरळ लिहिले आहे.”

सरळ मुळीच नव्हते. अज्जांना दोन धाकटे भाऊ. मधला गेली तीस वर्षे त्यांच्याच दुकानात गादीवर बसून वह्या लिहितो. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. सर्वांत धाकटा सोलापुरात कापडाच्या धंद्यात स्थिरावला. परंतु त्याचा मुलगा चार वर्षांपूर्वी दुधनीला आला, पहाटे उठून बाजार समितीत सौद्याला जातो आणि दुकान पाहतो. म्हणजे ‘जो दुकान पाहतो’ हे शब्द भावालाही लागू पडतात आणि मुलालाही. ते भावाला जोडले तर मधल्या भावाच्या मुलाचा, म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्याचा, हक्क होतो. मुलाला जोडले तर धाकट्या भावाच्या मुलाचा. शब्द तेच, स्वल्पविराम तेच आणि वारस दोन निरनिराळे.

अज्जांच्या मनात धाकट्याचा मुलगा होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अज्जींचा आवाज आला. आठ दिवसांपूर्वी तोच कागद त्यांनीही वाचला होता आणि पुण्याच्या मुलाला हिस्सा मिळणार, असा अर्थ काढून त्या आठ दिवस गप्प होत्या. पहाटे राबणाऱ्या पोराच्या ताटात त्यांनी त्या आठ दिवसांत जास्तीचे तूप का वाढले, त्याचा उलगडा आता झाला.

व्याकरणाचा विषय निघाला की बहुतेक घरांतून लोक उठून जातात. व्याकरण हे परीक्षेपुरते, असा आपला समज आहे. परंतु वरच्या वाक्यातील घोटाळा हा शुद्धलेखनाचा नव्हे, कायद्याचाही नव्हे. तो संबंधी वाक्याचा आहे. म्हणून ही रचना जरा निवांतपणे पाहिली पाहिजे.

मराठी व्याकरणात ‘जो, जी, जे’ ही संबंधी सर्वनामे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये आले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. तेव्हापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत ही ओळख कायम आहे. ‘जो’ने सुरू होणारे वाक्य एकटे उभे राहत नाही. ‘जो मुलगा काल आला’ एवढे बोलून कोणी थांबला, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. ‘तो माझा भाचा’ असे म्हटले की श्वास सुटतो. ‘जो’चे वाक्य गौण, ‘तो’चे वाक्य मुख्य आणि दोन्ही मिळून मिश्र वाक्य. गौण वाक्य येथे नामाबद्दल काही सांगते, विशेषणाचे काम करते, म्हणून त्याला विशेषण वाक्य म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : नामाला ‘कोणता?’ असे विचारावे. कोणता मुलगा माझा भाचा? जो काल आला तो.

विद्यार्थी अडखळतात ते विभक्तीपाशी. ‘जो’ला लिंग आणि वचन त्या नामाकडून मिळते, विभक्ती मात्र त्याला स्वतःच्या वाक्यातील कामावरून घ्यावी लागते. ‘ज्या शेतकऱ्याने तूर आणली, त्याला पट्टी मिळाली.’ माणूस एकच; पण पहिल्या वाक्यात तो आणणारा आहे म्हणून ‘शेतकऱ्याने’, दुसऱ्यात मिळविणारा आहे म्हणून ‘त्याला’. ‘ज्या शेतकऱ्याला पट्टी मिळाली, त्याने तूर कालच आणली होती,’ असे उलटवले की विभक्तींची अदलाबदल होते. एकाच माणसाची दोन खाती असावीत आणि प्रत्येक खात्यात त्याच्या त्या त्या व्यवहाराचीच नोंद व्हावी, तसे हे आहे. एका खात्याची नोंद दुसऱ्यात गेली की ताळेबंद जुळत नाही.

‘जो–तो’ ही जोडी फार जुनी. संस्कृतात ‘यः–सः’. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला आणि ‘जो–सो’ आले. जैन आगमांची जी अर्धमागधी, तिच्यात याच जोडीचे रूप ‘जे–से’ असे एकारान्त होते. नित्य स्वाध्याय करणाऱ्यांच्या कानाला ते परिचित असते, ती संबंधी वाक्ये आहेत हे मात्र सहसा लक्षात येत नाही. सोलापूरच्या गुजराती घरांत ‘जे–ते’ ऐकू येते, हिंदीत ‘जो–वह’. मराठीने तर या जोडीचा संसारच थाटला : जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसा–तसा, जितका–तितका, जर–तर. म्हणींचा अर्धा डोलारा याच खांबांवर उभा आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. ज्याचे जळते त्याला कळते. निरक्षर आजीच्या तोंडीही ही मिश्र वाक्ये बिनचूक असत. विभक्ती चुकल्याचे उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि ‘जो तो’ असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले की मधले सारे वाक्य गाळूनही अर्थ उरतो : जो तो आपापल्या कामात. ‘ज्याचे त्याला’ हे तर व्यापाराचे निम्मे नीतिशास्त्र आहे, तेही दोन शब्दांत.

परंतु मराठीपाशी हेच काम करणारे दुसरेही साधन आहे आणि दुधनीसारख्या गावात तेच अधिक चालते. ‘जो मुलगा काल आला, तो’ असे न म्हणता ‘काल आलेला मुलगा’ म्हणता येते. ‘जी बाई भाकरी करते, ती’ऐवजी ‘भाकरी करणारी बाई’. येथे क्रियापदालाच विशेषणाचा वेष चढविला जातो. जो नाही, तो नाही, दुसरे वाक्यही नाही. कानडीची नैसर्गिक रीत हीच. ‘बंद हुडुग’ म्हणजे आलेला मुलगा, ‘ओदुव हुडुग’ म्हणजे वाचणारा मुलगा, ‘नानु ओदिद पुस्तक’ म्हणजे मी वाचलेले पुस्तक. उत्तरेकडील भाषांचा ‘जो–तो’ आणि दक्षिणेकडील भाषांचे हे धातुसाधित विशेषण, दोन्ही मराठीच्या घरात आहेत. उंबरठ्यावर राहणाऱ्याला दोन्ही अंगणे वापरता येतात.

दोन साधने असली की कोणते कधी वापरावे, हा प्रश्न येतोच. ‘आलेला मुलगा’ हे सुटसुटीत आहे, कानाला गोड आहे आणि बोलण्यात ‘जो मुलगा आला, तो’ म्हणत बसणारा माणूस थोडा न्यायालयीन वाटतो. तथापि सुटसुटीतपणाची किंमत असते. अज्जांच्याच दुकानातील एक वही घ्यावी. तिच्या एका पानावर शीर्षक आहे : ‘माल दिलेले व्यापारी’. हे व्यापारी कोण? ज्यांनी दुकानाला माल दिला ते, की ज्यांना दुकानाने माल दिला ते? पहिल्यांचे पैसे दुकानाला देणे लागतात, ते जमेच्या बाजूला. दुसऱ्यांकडून पैसे येणे आहेत, ते नावे. एका शीर्षकाने देणे आणि येणे यांची गाठ मारून टाकली. ज्याने ते पान लिहिले, त्या मधल्या भावाला अर्थ पाठ आहे. पण नवा मुनीम आला आणि वसुलीची पत्रे लिहू लागला, तर ज्यांना पैसे द्यायचे त्यांच्याकडेच मागण्याचा प्रसंग यायचा.

असे का होते, तेही पाहण्यासारखे आहे. क्रियापद अकर्मक असेल तर ‘लेला’ हा प्रत्यय कर्त्याकडे जातो : आलेला माणूस, पडलेले झाड. सकर्मक असेल तर बहुधा कर्माकडे : विकलेली तूर, दिलेला माल. येथवर शंका नाही. ‘शिकलेला माणूस’ आणि ‘शिकलेला धडा’ यांतही गोंधळ होत नाही, कारण धडा शिकत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु देणे, घेणे, विकणे या क्रियांत माणसे दोन असतात, एक देणारा आणि एक घेणारा. ‘दिलेला व्यापारी’ म्हणताना त्यांतील कोण अभिप्रेत आहे, हे सांगणारी विभक्तीच गळून पडलेली असते. कानडीतील ‘मालु कोट्ट व्यापारि’चीही हीच अडचण. ‘ज्या व्यापाऱ्यांनी माल दिला ते’ आणि ‘ज्या व्यापाऱ्यांना माल दिला ते’ या दोन रचनांत मात्र ‘नी’ आणि ‘ना’ पहारा देत उभे असतात. बोलताना ‘लेला’ चालवावा. वहीत, पावतीत, करारात, जिथे पैशाची दिशा सांगायची असते तिथे, ‘ज्याने’ आणि ‘ज्याला’ यांना आळस करू नये.

सीमेवरच्या भाषा एकमेकींच्या रचना कशा उचलतात, याचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे आणि त्यात जैन घरांचा वाटा मोठा आहे. सांगलीजवळचे कुपवाड, जे आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आहे, ते त्या काळी सुमारे तीन हजार वस्तीचे गाव होते. तेथील जैन कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत, दोरखंड वळणाऱ्यांची भाषा तेलुगू होती, आणि या सर्वांमध्ये मराठी. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी या गावावरील आपला निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे : शब्द ज्याच्या त्याच्या भाषेचे, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक. कुपवाडच्या कानडी वाक्यातील एकेक शब्द काढून त्या जागी मराठी किंवा उर्दू शब्द ठेवला की त्या त्या भाषेतील वाक्य तयार. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून लोकांनी घरची भाषा सोडली नाही. मात्र भाषांतराचे कष्ट वाचावेत म्हणून वाक्ये एका साच्यात बसविली. पुढे कुपवाडची भाषिक स्थिती पुन्हा तपासली गेली आणि त्या पहिल्या निष्कर्षांवर वादही झाले. तरी भाषाशास्त्राच्या पुस्तकांत ‘कुपवाड’ हे नाव जगभर पोहोचले, ते त्या निबंधामुळे.

संबंधी वाक्यापुरते बोलायचे तर त्याहूनही नेमके उदाहरण कोंकणीचे आहे. कर्नाटकात जाऊन राहिलेल्या सारस्वतांच्या कोंकणीविषयी मंगेश नाडकर्णी यांनी १९७५ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. शेकडो वर्षे कानडीच्या सहवासात राहून या कोंकणीने ‘जो–तो’ची जुनी जोडी सोडून दिली, असे त्यांनी दाखविले. तिच्या जागी कानडी धर्तीची रचना आली. कानडीत धातुसाधिताखेरीज आणखी एक पद्धत आहे : ‘यारु बंदरो, अवरु’, शब्दशः ‘कोण आले-ओ, ते’. प्रश्नार्थक सर्वनाम आणि क्रियापदाच्या अंती संदेह दाखविणारा ‘ओ’. कोंकणीने प्रश्नार्थक शब्द घेतला आणि ‘ओ’च्या जागी आपला ‘की’ बसविला. मराठी शब्दांत त्याचा आराखडा मांडला तर ‘कोणता मुलगा काल आला की, तो माझा भाचा’ असा होईल. सर्व शब्द आपलेच आणि वाक्य शेजाऱ्याचे. शब्द उसने घेतले तर ते ओळखू येतात, त्यांच्यावर टीका होते, शुद्धीकरणाच्या मोहिमा निघतात. रचना उसनी आली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुधनीची मराठी तेवढी पुढे गेलेली नाही. मराठी शाळा, मराठी वृत्तपत्रे आणि सरकारी कागद ‘जो–तो’ला धरून ठेवतात. पण अज्जांचा मसुदा पुन्हा पाहावा. मराठीत ‘पुतण्या’ असा नेमका शब्द असताना त्यांनी ‘भावाच्या मुलास’ असे का लिहिले? त्यांच्या मनात कानडीतील ‘तम्मन मग’, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, हे शब्द होते. त्यांचे त्यांनी जसेच्या तसे मराठी केले. ‘माझ्या पुतण्यास, जो दुकान पाहतो’ असे लिहिते तर भाऊ त्या वाक्यात आलाच नसता आणि शंकाही आली नसती. आणि ते भाऊ थोरले असते, तर ‘जे दुकान पाहतात’ अशा आदरार्थी रूपाने ओळख पटली असती. भाऊ धाकटे पडले म्हणून एकेरी, मुलगा तर एकेरीच. व्याकरणाला पकडायला काही धागाच उरला नाही.

वाक्याचा उरलेला दोष मात्र कानडीकडून आलेला नाही. तो दुसऱ्या बाजूने आला. नाम आधी ठेवायचे, त्याला लगेच दोन स्वल्पविरामांच्या कुंपणात ‘जो’चे वाक्य जोडायचे आणि मग मुख्य वाक्य पुढे चालवायचे, ही इंग्रजीची चाल. वृत्तपत्रांतून, परिपत्रकांतून आणि भाषांतरित अर्जांतून ती इतकी पसरली आहे की तीच प्रौढ मराठी, असा पुष्कळांचा ग्रह झाला. ‘जो’चे वाक्य मागाहून येणे मराठीला वर्ज्य नाही; ‘तोच माणूस खरा, जो वेळेला उभा राहतो’ असे आपण बोलतोच. मात्र मराठीच्या स्वभावात ‘जो’ नामाच्या आधी येतो, नामाला हाताला धरून आणतो आणि ‘तो’च्या स्वाधीन करतो. ‘माझा जो भाऊ दुकान पाहतो, त्याच्या मुलास’ हे एक वाक्य, ‘माझ्या भावाचा जो मुलगा दुकान पाहतो, त्यास’ हे दुसरे. ‘जो’ ज्या नामाच्या अंगाला चिकटला, त्याचाच तो झाला. नातीने नेमके हेच केले. वहीत दोन्ही वाक्ये लिहून तिने अज्जांसमोर धरली आणि म्हणाली, “यातले कोणते?” अज्जांनी चष्मा पुसला, दोन्ही वाचली आणि दुसऱ्यावर बोट ठेवले.

या चालीचा आणखी एक तोटा आहे आणि तो सार्वजनिक सूचनांत नित्य दिसतो. ‘खातेदार, ज्यांचे खाते दोन वर्षे वापरात नाही, त्यांनी शाखेत यावे.’ यात सर्व खातेदारांची खाती दोन वर्षे बंद आहेत, असेही वाचता येते. कारण नामानंतर स्वल्पविराम देऊन जोडलेले वाक्य केवळ वर्णन करते की निवड करते, हे मराठीत ठरत नाही. ‘ज्या खातेदारांचे खाते दोन वर्षे वापरात नाही, त्यांनी शाखेत यावे’ असे लिहिले की निवड झाली. बाकीच्यांनी घरी बसावे. व्यवहारात या दोन वाक्यांमध्ये शाखेच्या दाराशी लागणाऱ्या रांगेच्या लांबीएवढा फरक असतो.

दुसऱ्या दिवशी अज्जा वकिलाकडे गेले. बरोबर नात होती, कारण मसुद्याचा गृहपाठ आता तिचा झाला होता. नवे वाक्य असे होते : ‘माझ्या भावांच्या मुलांपैकी जो मुलगा आज दुकान पाहतो, त्यास दुकानातील माझा हिस्सा मिळावा.’ व्याकरण निर्दोष. वकिलांनी ते वाचले आणि विचारले, “आज म्हणजे कोणता दिवस? लिहिण्याचा, की हा कागद उघडण्याचा? मध्ये दहा वर्षे जातील. त्या वेळी दुसराच कोणी दुकान पाहत असला तर?” मग त्यांनी पुतण्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, वय आणि पत्ता विचारून घेतला. ज्याचे नाव लिहिता येते, त्याची ओळख ‘जो’वर सोपवायची नसते, एवढेच ते म्हणाले. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यांची नावेही त्याच बैठकीत ठरली.

नाव आल्यावर ‘जो’चे वाक्य काढून टाकावे, अशी वकिलांची सूचना होती. अज्जा थांबले. ते म्हणाले, “नाव कोणाला मिळणार ते सांगते. का मिळणार, ते कोण सांगणार? मधल्याचा मुलगा उद्या हे वाचेल. माझ्या काकांनी मला का वगळले, असे त्याला वाटू नये.”

येथे व्याकरणाने कूस बदलली, हे वकिलांच्या चटकन लक्षात आले. नाव नव्हते तोवर ‘जो दुकान पाहतो’ हे वाक्य अनेकांतून एकाला निवडत होते. नाव लिहिल्यावर निवडण्यासारखे काही उरले नाही. तेच शब्द आता नुसते वर्णन करणार, कारण सांगणार. परंतु कोणी वाद घालायचाच म्हटले तर वर्णनाला अट ठरवील. पुतण्याने पुढे दुकान सोडले, दुसरा उद्योग धरला, तर ‘जो दुकान पाहतो’ ही अट मोडली म्हणून हिस्साही गेला, असा अर्थ लावायला जागा राहील. अज्जांना तसे नको होते. पोराचे पाय बांधायचे नव्हते.

शेवटी मृत्युपत्रात नाव राहिले आणि ‘जो’ गेला. कारण सांगण्यासाठी अज्जांनी वेगळा कागद घेतला. मधल्या भावाच्या मुलाला पुण्याच्या पत्त्यावर त्यांनी कानडीत पत्र लिहिले, स्वतःच्या हाताने, दोन पाने. त्यात एकही ‘जो’ नव्हता, एकही ‘तो’ नव्हता. सगळी ‘आलेला’ आणि ‘केलेले’ या घाटाची कानडी वाक्ये होती. पत्र टपालात पडण्यापूर्वी ते अज्जींनी वाचले आणि दुरुस्ती सुचविली नाही.

मसुद्याचा जुना कागद नातीच्या मराठीच्या वहीत आहे. त्यातील वाक्याखाली तिने लाल शाईने एक रेघ ओढली आहे आणि समासात बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘कोणता?’